ताईच्या मोबाइलवर येणारा कोड

समुद्र मी पहिल्यांदा सुपात पाहिला. आई मंचरच्या बाजारातून सुकट आणायची आणि अंगणात बसून निवडायची. मी तिच्यासमोर बसून तिनं बाजूला टाकलेला कचरा निवडायचे. तिच्या लेखी तो कचराच होता. त्यात नखाएवढा खेकडा निघायचा, पाय मुडपून वाळलेला. कधी दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला चपटा मासा निघायचा. एकदा घोड्याच्या तोंडाचा एक वाकडा जीव सापडला, तेव्हा मी दोन दिवस जेवताना दुसरं काही बोललेच नाही. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. समुद्र घाट उतरून पार पलीकडे, आणि त्याच्याशी घरात कुणाला काही देणंघेणं नव्हतं. सुकट तेवढी लागायची, बाजरीच्या भाकरीबरोबर.

हे जीव मी चुन्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचे. वडील, म्हणजे आमचे आण्णा, तंबाखू खायचे, त्यामुळे डब्यांना तोटा नव्हता. अकरावीत आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी त्या डब्या पाहिल्या आणि सांगितलं की यालाच सागरी जीवशास्त्र म्हणतात, त्याची पदवी असते आणि ते शिकवणारं कॉलेज कोकणात अगदी समुद्राला लागून आहे. त्या दिवशी माझं ठरलं. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, ताईला विचार.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, जुन्नरला दिलेली. तिच्याबद्दल आमच्या घरात एक गंमत कायम सांगितली जायची. बारावीनंतर तिचा मुंबईला नर्सिंगला नंबर लागला होता. ती एसटीत बसली, आणि आठ वर्षांची मी खाली उभी राहून असा काही गळा काढला की ती पिशवी घेऊन परत उतरली. पुढची गाडी होती, पण पुढच्या गाडीला ती गेलीच नाही. ‘हिनं ताईला एसटीतून उतरवलं’ असं म्हणून पावण्यारावळ्यांसमोर सगळे हसायचे. ताईही हसायची. मी तर हे कौतुक समजून ऐकायचे.

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत ऑनलाइन फॉर्म भरून देणारं केंद्र आहे, तिथं ताई काम करते. एरवी दाखले, पीकविमा वगैरे, पण बारावीचा निकाल लागला की तिच्या टेबलापुढं बसायला जागा नसते. बाकीच्यांना फॉर्म म्हणजे रकाने. ताईला तो डाव वाटायचा. कुठल्या कॉलेजात गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती मार्कांवर झाला, हे तिच्या वहीत लिहिलेलं असायचं. पोराच्या बापाशी भांडून ती पोराच्या मनातलं कॉलेज वर घ्यायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

आणि अर्ध्या तालुक्याच्या पोरांच्या फॉर्मवर मोबाइल नंबर ताईचा असायचा. डोंगराकडच्या गावांत रेंज नसते. फॉर्म पक्का करायचा कोड मोबाइलवर आला की तो दहा मिनिटांत मरतो, आणि तोवर पोरगं पाण्याच्या टाकीवर चढून फोन आभाळाकडे धरून उभं असतं. म्हणून नंबर ताईचा, आणि पासवर्ड ताईच्या वहीत. गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली द्यावी, इतकं ते साधं होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही.

माझ्या फॉर्मसाठी तिनं सुट्टीचा एक अख्खा दिवस दिला. माझे मार्क बरे होते, पण फार बरे नव्हते. समुद्राच्या कॉलेजात पहिल्या फेरीत माझा नंबर लागणार नाही, हे तिनं वही बघून सांगितलं. पण डॉक्टरकीची यादी लागली की वरची पोरं उठून जातात, जागा मोकळ्या होतात, आणि दुसऱ्या फेरीत माझं काम होईल, असा तिचा हिशेब होता. तोवर हाताशी काही असावं म्हणून शेवटी मंचरपासून तासाभरावरचं शेतीचं कॉलेज टाकायचं. पहिल्या फेरीत तेच लागेल, पण ते पक्कं करायचं नाही. थांबायचं.

“एक ध्यानात ठेव,” ती म्हणाली. “पयल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की खेळ खलास. ते घ्यायलाच लागतं, म्होरच्या फेऱ्या बंद. म्हणून पयल्या नंबरला तेच टाकायचं, ज्याच्यासाठी जीव तुटतोय.”

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं. आजही ते पान माझ्याकडे आहे.

शेवटच्या तारखेला सकाळी मी जुन्नरला गेले. ताईनं फॉर्म भरला. पहिल्या नंबरला समुद्राचं कॉलेज, दुसऱ्याला कोकणातलंच आणखी एक, तिसऱ्याला शेतीचं. कोड तिच्या मोबाइलवर आला, तिनं तो मोठ्यानं वाचला आणि मी टाइप केला. छापील कागद हातात आला. मग तिनं टेबलाखालून एक मिसळणाचा डबा काढला, स्टीलचा, आत सात वाट्यांचा. माझ्या खेकड्या-माशांसाठी तिनं तो मुद्दाम आणला होता. चुन्याच्या डब्या घेऊन कॉलेजात गेलीस तर हसतील, म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी केंद्रातल्या सगळ्या गर्दीसमोर तिला मिठी मारली. दुपारच्या गाडीला तिनंच मला बसवून दिलं.

पहिली यादी लागली तेव्हा मी वडिलांचा फोन घेऊन टाकीवर चढले. शेतीचं कॉलेज लागलं होतं. मी खूश झाले, कारण ताई म्हणाली होती अगदी तसंच झालं होतं. मग खालची ओळ वाचली. पसंती क्रमांक एक. त्याखाली लिहिलं होतं की पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यामुळे पुढच्या फेऱ्यांमध्ये भाग घेता येणार नाही. मी खाली उतरून छापील कागद काढला. त्यावर शेतीचं कॉलेज तिसऱ्या नंबरला होतं. मला वाटलं, कॉम्प्युटरनं काहीतरी घोळ घातलाय आणि ताई तो निस्तरेल. दुसरं काही मनाला शिवलंही नाही, याचा मला आज राग येतो.

घरात मात्र आनंद होता. जवळचंच लागलं म्हणून आईनं देवापुढं साखर ठेवली. वडील शेजाऱ्याला सांगत होते की आता शनिवार-रविवार पोरगी घरीच. मी घोळ झालाय म्हणून सांगत होते आणि माझं कुणी ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जुन्नर गाठलं. केंद्र नुकतंच उघडलं होतं. ताईनं मला पाणी दिलं. मी कागद तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले की तक्रार करू, आपल्याकडे पुरावा आहे, आपण फॉर्म कधी आणि कसा भरला ते साइटवर दिसत असणार. माझं खातं तिनं उघडलं, एक पान काढलं आणि छापायला दिलं. कागद तिनं स्वतः उचलून माझ्या हातात ठेवला. त्यात काय निघणार आहे हे तिला माहीत होतं, तरी तिनं तो दिला.

त्यावर दोन वेळा होत्या. एक सकाळची, मी टाइप केलेल्या कोडाची. दुसरी त्याच दिवशी संध्याकाळी पावणेपाचची. पसंतीक्रम बदलला, कोड नोंदणीकृत मोबाइलवर पाठवला, पडताळणी झाली. पावणेपाचला मी मंचरजवळ हायवेवर कांद्याच्या ट्रकांमध्ये अडकलेल्या एसटीत बसले होते. मांडीवर तो डबा होता.

मी विचारलं, घरच्यांनी सांगितलं का? ती नाही म्हणाली. त्यांना यातलं ठाऊकच नव्हतं. तिनं कुणावर ढकललं असतं तर मला बरं वाटलं असतं. आईवर चिडणं सोपं होतं, वडिलांवर तर फारच सोपं. मी तिला विचारलं की मग मला एकदा बोलली का नाहीस, जाऊ नको म्हणाली का नाहीस.

ती बराच वेळ कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत राहिली.

“तू रडलीस म्हणून मी एसटीतून उतरले,” ती म्हणाली. “मी रडले असते तर तू उतरली असतीस का?”

उत्तर ‘नाही’ असं होतं आणि ते आम्हा दोघींनाही कळलं होतं.

“न्हाई ना. म्हणून मी इचारलंच न्हाई,” ती म्हणाली. “आईचे गुडघे गेलेत, आण्णांना दिसत न्हाई नीट. तू तिकडं ऱ्हायलीस की मागं मी एकलीच. आयुष्यभर मी एकलीनंच ऱ्हायचं व्हतं का?”

मला तिची दया आली असती, तिनं ती मागितली असती तर. पण तिनं माझा पासवर्ड वापरला होता. जिनं परक्या पोरांसाठी त्यांच्या बापांशी वाद घातले, तिनं मात्र मलाच फसवलं, आणि वर डबा दिला. मी म्हणाले की आठ वर्षांच्या पोरीचं रडणं तू इतकी वर्षं जपून ठेवलंस आणि मला समजू दिलं नाहीस, हसत राहिलीस. गल्लीत फॉर्मवाल्यांची गर्दी जमायला लागली होती. मी उठून आले. तिनं पुढच्या पोराला बस म्हटलं.

मी शेतीच्या कॉलेजात गेले. मातीचे नमुने शिकले, किडी शिकले, पहिल्या वर्षी बऱ्यापैकी पासही झाले. शनिवार-रविवार घरी असायचे. ताई आली की मी मळ्यात निघून जायचे. आई म्हणायची, सख्ख्या बहिणी ना तुम्ही. ताईनं काय केलं ते मी घरी सांगितलं नाही. तिला सांभाळून घ्यावं असं काही मला वाटत नव्हतं. सांगितलं तर तेही हसून गंमत म्हणून सांगायला लागतील, याची मला भीती होती. डब्यात मी काहीही ठेवलं नाही. शेवटी आईनं त्यात हळद-तिखट भरलं आणि आता रोज भाजी फोडणीला टाकताना तो उघडला जातो.

यंदा पुन्हा फॉर्म सुरू झाले. एक वर्ष गेलं तर गेलं, म्हणून मी हॉस्टेलवर बसून स्वतःच अर्ज भरायला घेतला. जुन्याच खात्यानं आत जायचं होतं. पासवर्ड बदलायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की कोड ताईच्या मोबाइलवर जाणार. पडद्यावर रिकामे चौकोन आले आणि उरलेले सेकंद मागं मागं पळायला लागले. मी फोन केला नाही. ती वेळ संपली. मी पुन्हा कोड मागवला. कोडाच्या मेसेजात अर्जदाराचं नाव असतं; अर्ध्या मिनिटात तिचाच फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा.

ती नुसती कोड वाचून दाखवायला लागली. एकेक आकडा, सावकाश, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, चूक व्हायला नको म्हणून. केंद्रात सगळ्या पोरांना वाचून दाखवते तसाच. मी टाइप केला. आत गेले. ठेवू का, असं तिनं विचारलं.

मी म्हणाले, थांब, अजून एक कोड येईल.

“त्यो कशाचा?”

“नंबर बदलायचा. जुन्या नंबरवरच येतो.”

पलीकडे प्रिंटरचा आवाज येत होता, कुणीतरी जातीच्या दाखल्याबद्दल विचारत होतं. ताईनं त्याला थांबायला सांगितलं. मग तिच्या मोबाइलवर कोड आल्याचं वाजलेलं मला ऐकू आलं, आणि त्यानंतर ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं, दहा मिनिटं अशीच जाऊ देणार.

मग तिनं तो कोडही वाचला. एकेक आकडा, सावकाश, दोनदा.