हत्तीचे पाय कुठे गेले

माझ्या धंद्याबद्दल आमच्या पेठेत दोन मतं आहेत. गल्लीच्या मते मी प्रिंटर दुरुस्त करतो. माझ्या घरमालकिणींच्या मते मी काहीच करत नाही, दिवसभर बनियनवर बसून इंग्रजीत भांडतो. दुसरं मत सत्याच्या जास्त जवळ आहे. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा भाग असतो. तो कधी दिसत नाही, पण फाईल उघडणं, लिहिणं, दुसऱ्या संगणकाकडे पोचवणं, सगळं त्याच्या हातून होतं. जगभरातले लोक त्यात घालायला नवा कोड पाठवतात. असा एकेक तुकडा म्हणजे पॅच. माझ्यासारखे काहीजण तो वाचतात आणि कुठं काय चुकलंय ते चारचौघांत, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा ईमेलवर, लिहितात. पटलं तर खाली आपलं नाव घालायचं. याचा पगार मिळतो हे ऐकून अक्का म्हणाल्या होत्या, "मग आमच्या धाकटीला लावा की तिकडं. हितं सगळं फुकट चाललंय."

घरमालकिणी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दोघी जावा. अक्का म्हणजे थोरली. धाकट्या वहिनी म्हणजे धाकटी. दोघी मिळून चादरी, टॉवेल आणि वॉलहँगिंगची डिझाइनं काढून कारखान्यांना देतात. आपसात तेलुगूत, माझ्याशी मराठीत आणि संगणकाशी दोन्ही भाषांत भांडतात. संगणक एकच होता. सकाळी अक्का, दुपारी वहिनी. खुर्ची कुणी किती वर केली इथपासून वाद. वहिनींसाठी नवा संगणक आणला, तर डिझाइनं सगळी जुन्यात. जुन्यातून नव्याकडे वायरीनं फायली द्यायला लावलं, तर म्हातारा दर तासाला धापा टाकत बंद. वहिनींनी शेवटी जाहीर केलं की दिवाळीनंतर मी वेगळी बसते. अक्का जिना चढून माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुमी कायतरी करा. दोघींना एकदम बसता आलं तर ती जाणार न्हाय."

करणार काय? मी एक लहानसा सर्व्हर, म्हणजे दोघींच्या फायली एकाच जागी ठेवणारा डबा, जोडू शकत होतो. पण त्यांच्या डिझाइनच्या प्रोग्रॅमला एक खोड होती. चित्र तो फाईलमध्ये ठेवायचा, आणि कुठल्या ओळीला कुठला धागा, त्या रंगांची सगळी नोंद, धाग्याच्या छोट्या फोटोंसकट, त्याच फाईलला चिकटलेल्या एका दुसऱ्या प्रवाहात ठेवायचा. हा प्रवाह यादीत दिसत नाही. बंडीच्या चोरखिशासारखं समजा. बंडी दोरीवर वाळत घातलेली सगळ्या गल्लीला दिसते, खिसा फक्त मालकाला ठाऊक. माझ्या सर्व्हरला हे खिसे कळायचेच नाहीत. फाईल यायची, रंग रस्त्यात राहायचे.

आणि बघा, नाटकात यावा तसा नेमका त्याच सुमारास पॅच आला! परदेशातल्या एका इंजिनिअरनं सर्व्हरला चोरखिसे शिकवणारा कोड लिहिला होता आणि तो वाचायला माझ्याकडे आला होता. अर्धा वाचला, इतका नेटका होता की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. अर्धा वाचायचा राहिला होता, पण करून पाहणं हाही वाचनाचाच एक भाग असतो. सर्व्हर तयार केला, जुन्या डिझाइनांच्या फक्त प्रती त्यावर टाकल्या आणि दोघींना बजावलं, "हे अजून कच्चं आहे. नुसतं खेळून बघा."

त्या खेळल्या. इतकं छान खेळल्या की मीच खाली जाऊन बसायला लागलो. दोन संगणक, दोन खुर्च्या आणि मधे एक नवीन डिझाइन: अंबारीचा हत्ती. वॉलहँगिंग करायचं होतं. अंबारी अक्कांची, हत्ती वहिनींचा. अक्का वहिनींना 'चेल्ली' म्हणायला लागल्या. धाकटी बहीण. एरवी 'अगं ए' वर भागायचं.

एका संध्याकाळी वहिनींनी हत्तीच्या पायांचे आणि खालच्या काठाचे रंग भरले. रुमाल झटकून उठल्या. अक्कांनी मान वाकडी करून बघितलं.

"पायाला इतकं भडक कशाला गं?"

"हत्ती हाय तो अक्का, शेळी न्हाय."

"मग काय लगीन हाय का त्याचं?"

हसल्या दोघी. मीही हसलो. अक्का थोडा वेळ काम करत बसणार होत्या, वहिनी स्वयंपाकाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून जो आवाज आला, तो ऐकून मी दात घासायचा ब्रश हातात घेऊनच उतरलो. पडद्यावर हत्ती उभा होता. अंबारी झळाळत होती, झूल झळाळत होती, पोटापर्यंत रंग होते. त्याखाली पाय नव्हते. म्हणजे रेघा होत्या, रंग नव्हते. काठ पण कोरा.

"तुम्ही पुसलं," वहिनी म्हणाल्या.

"मी हात न्हाय लावला."

"भडक म्हणाला होता की!"

"म्हणाले म्हणून पुसंन का?"

"शेवटी कोण बसलं होतं हितं?"

शेवटी अक्काच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ब्रशकडे बघितलं.

वर आलो आणि राहिलेला अर्धा कोड वाचायला बसलो. सापडायला फार वेळ लागला नाही, आणि सापडलं तेव्हा टाळ्या वाजवाव्यात असं काही वाटलं नाही. इंजिनिअरनं चोरखिसा शिवला होता तो ठरावीक मापाचा. त्यात मावेल तेवढं ठेवायचं, उरलेलं सोडून द्यायचं. इथवर एक वेळ चाललं असतं. पण वरून विचारणाऱ्या प्रोग्रॅमला तो कोड उत्तर द्यायचा: सगळं लिहिलं. धाग्यांचे फोटो वाढत गेले, खिसा वरच्या ओळींनीच भरला. वहिनींनी जतन केलं, संगणकानं मान डोलावली आणि पाय गेले. कुणी पुसले नव्हते. ते कधी ठेवलेच गेले नव्हते.

मी खाली जाऊन दोघींसमोर करून दाखवलं. नळाला पाणी यायचा दिवस होता, अंगणात पिंप भरत होतं. मी म्हणालो, "पिंप भरलं की वाहतं आणि आपण ओरडतो, नळ बंद करा. हे पिंप वाहतं, पण वर सांगतं सगळं पाणी आत आहे." मोठी नोंद लिहिली, 'जतन झालं' असं आलं, पुन्हा उघडली, शेपूट गायब. परत केलं, परत गायब.

अक्कांनी सुस्कारा टाकला. "बघ. मी न्हाय."

वहिनींनी ती नोंद स्वतः एकदा उघडून बघितली. मग म्हणाल्या, "हे आत्ताचं झालं. गेल्या साली माझ्या टॉवेलच्या फुलांचे रंग कुणी बदलले? तेव्हा तर हा डबा नव्हता."

 ते अक्कांना बहुधा ठाऊक होतं. त्या पिंपाकडे निघून गेल्या.

माझी समजूत अशी होती की चूक सापडली की भांडण संपतं. निदान माझ्या भांडणांचं तसं होतं. इथं चूक सापडली होती, ओळीसकट दाखवून दिली होती, आणि भांडण मात्र तिच्या मागच्या दारानं कधीच बाहेर पडून कुठल्या कुठं पोचलं होतं. त्या आठवड्यात वहिनी विडी घरकुल वसाहतीत भावाकडे राहायला गेल्या आणि टेबलही तिथंच मांडलं.

इंजिनिअरला मी लिहिलं की असं चालणार नाही, मावत नसेल तर मावत नाही म्हणून सांगा. त्यानं सभ्यपणे लिहिलं की इतकी मोठी नोंद कोण ठेवतं, ही वेळ चुकली तर पॅच पुढच्या आवृत्तीपर्यंत लांबेल, आणि त्याच्याकडेही लोक वाट बघताहेत. खोटं बोलत नव्हता बिचारा. मी उत्तर लिहिलं: ठेवणाऱ्या दोघी माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. मग खोडून लिहिलं: राहत होत्या. मग तेही खोडलं आणि फक्त कोडची ओळ चिकटवून 'इथं नकार द्या' असं लिहिलं.  खाली एकाच खुर्चीचा आवाज येत होता, आणि अक्का स्वतःशी तेलुगूत काहीतरी बोलत होत्या.

दुरुस्त पॅच आला तेव्हा तो मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मगच सर्व्हरवर चढवला. त्याच दुपारी वहिनी आपल्या वाट्याची डिझाइनं न्यायला आल्या. माझ्याशी बोलल्या, अक्कांशी नाही. डिस्कवर प्रती घेता घेता त्यांनी हत्ती उघडला. का उघडला, मी विचारलं नाही. पायांचे रंग पुन्हा भरले, तेच भडक, एकही फिका केला नाही. जतन केलं. संगणक अडला. पडद्यावर सूचना आली की जागा अपुरी आहे.

वहिनी सूचनेकडे बघत होत्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "अक्का, बसत न्हाय म्हणतंय."

आतून आवाज आला, "कुठलं?"

"हत्ती."

अक्का ओले हात पदराला पुसत आल्या. "धाग्याचे फोटो लई हायत त्याच्यात. अंबारीचे काढ माझे. मला पाठ हायत."

"नको, माझे काढते."

"अगं काढ म्हणते ना."

अंबारीचे फोटो निघाले. जतन केलं. बंद करून उघडलं, पुन्हा बंद करून उघडलं. हत्ती चारी पायांवर उभा होता.

मला वाटलं, आता वहिनी खुर्ची ओढतील. त्यांनी डिस्क पिशवीत टाकली, चप्पल घातली. दारात थांबल्या. "हत्ती घेतला न्हाय मी. तो हितंच राहू द्या. दोघींचा हाय."

"येत जा गं," अक्का म्हणाल्या.

"बघू की."

मी वर आलो. इंजिनिअरचा निरोप पडला होता, आणखी काही राहिलंय का? माझ्या बाजूनं काही राहिलं नव्हतं. मी खाली नाव टाइप केलं, पाठवायचं बाकी होतं. तेवढ्यात जिन्याखालून हाक आली.

"भाऊ, जरा बघा हो येऊन. पायाचा रंग भडकच हाय ना?"

मी खाली उतरून पडद्याकडे वाकून बघितलं. "आहे अक्का."

त्यांनी माऊस बाजूला सारला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

मी वर जाऊन निरोप पाठवला.