जानवं घातलेली सवत

फाटकाबाहेर दोन टाळ्या वाजायच्या. बेल होती, चांगली चिमणीसारखी चिवचिवणारी, लेकीनं बसवून दिलेली. पण गुरुजींनी तिला कधी बोट लावलं नाही. मैदानात खेळाडू टाळी वाजवून चेंडू मागतो ना, तशा दोन टाळ्या आणि मग हाक, "मास्तर, निघा बावा. तिकडं शिट्टी वाजून राहिली." की आमचे हे अर्धा चहा कपात टाकून उठलेच. मी समोर बसलेली असे, बरं का. माझ्या तोंडात अर्धं वाक्य असे. ते तसंच राहायचं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, दुसऱ्याच्या नवऱ्याला रोज पळवणारा. बाई असती तर चार लोकांत बोभाटा करता आला असता. हे तर आमच्याच घरचे पुरोहित. सवत असती तर केस तरी धरले असते. गुरुजींना केस म्हणजे शेंडीपुरते.

अमरावतीत अर्ध्या मोहल्ल्याची लग्नं-मुंजी त्यांनी लावल्या. कपाळाला गंध, खांद्यावर पंचा, आणि धोतराखाली कॅनव्हासचे बूट. ते बूट पाहून नवीन यजमान बिचकायचे. शाळेत असताना गुरुजी गोलकीपर होते आणि आमचे हे त्यांच्या पुढं बॅकला. तेव्हाची ती जोडी. पुढं एक पौरोहित्यात गेला, एक गणिताचा मास्तर झाला, पण मैदान काही सुटलं नाही. खेळणं थांबलं तर बघणं सुरू झालं.

त्यांचं धर्मशास्त्रही मैदानाच्या कडेनं चालायचं. "वहिनी, देवानं चातुर्मास कायले केला माहीत आहे? पावसाळ्यात फुटबॉलच्या टुर्नामेंटा असतात. लग्नं असती तं मी पाहाले कवा गेलो असतो?" गोरज मुहूर्त द्यायला तर ते काचकूच करायचे. वधूपिता हात जोडून म्हणे, गुरुजी, संध्याकाळचा काढा, पाहुणे सोयीनं येतील. गुरुजी पंचांगात डोकं घालून मान हलवत, "संध्याकाळचा योग नाही." योग कसला नव्हता, ते मला ठाऊक.

एका श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता आणि त्याच संध्याकाळी कुठलीशी फायनल. पूजा भरदुपारी लावली. दुसऱ्या अध्यायातला मोळीविक्या संपला न संपला, आणि गुरुजी थेट चौथ्यातल्या नावेत जाऊन बसले. मी जन्मभर ही कथा ऐकत आलेली. म्हटलं, "गुरुजी, तिसरा अध्याय?"

गुरुजींनी पोथीवर बोट ठेवलं. "वहिनी, त्यात साधुवाणी तुरुंगात जाते. तुमी कोर्टातल्या. आज त्याले जामीन भेटला समजा."

बायका हसल्या. मीही हसले असते, पण तेवढ्यात गुरुजींनी यांच्याकडे पाहिलं आणि यांनी गुरुजींकडे. सोवळं नेसून पाटावर बसलेला माझा नवरा शाळकरी पोरासारखा ओठ दाबून हसत होता. शेजारी त्याच्या हाताला हात लावून मी बसले होते. मला त्या नजरेतलं काहीही मिळालं नाही. तिसरा अध्याय मी रात्री एकटीनं वाचला, तणतणत.

मी जिल्हा कोर्टात टायपिस्ट होते. उभं आयुष्य दुसऱ्यांचे घटस्फोट टाइप केले. 'पती संवाद साधत नाही' हे वाक्य तर माझी बोटं झोपेतही उमटवतील. आणि घरी यायचं तर आमचे मास्तर! भाजी कशी झाली? "ठीक." डॉक्टर काय म्हणाले? "काही नाही." लेक पुण्याला कायमचं बोलावतेय, काय करायचं? "बघू." मी मनाशी ठरवलं होतं, दोघं रिटायर झालो की संध्याकाळी व्हरांड्यात बसू, बोलू. राहिलेलं सगळं बोलू. मला दागिना नको होता, काशीयात्रा नको होती. हा माणूस माझ्याशी बोलायला हवा होता. तर रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून फाटकाशी टाळ्या.

गुरुजींचं मात्र तोंड बंद होईल तर शपथ. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार. क्रिकेटला ते खेळच मानत नसत. "दिवसभर उन्हात उभं राहायचं, मधात जेवाले सुटी, मंग चहाले सुटी. त्याले श्राद्ध म्हणतात." लग्नातल्या बुफेबद्दल, "धक्काबुक्की चालते, वहिनी, पण कोपर मारला तं फाऊल." आता रेफरी टीव्हीत बघून गोल ठरवतात म्हणून ते फार बिथरले होते. "मंग देवळातबी टीव्ही लावा. नवस पावला का नाही, तेबी उलटं फिरवून पाहू." आणि लग्न लागलं की नवरा-नवरीला मंत्रांच्या शेवटी त्यांचा स्वतःचा एक मंत्र असे, "एकानं पुढं खेळावं, एकानं मागं थांबावं. दोघंबी पुढं गेले तं घर उघडं पडते." नवरी मान डोलवायची. माझं घर तर रोज संध्याकाळी उघडंच पडायचं, ते कोण बघणार?

मग ती शेजारची वास्तुशांत झाली. मी त्यांच्या स्वयंपाकघरात पुरणाला हात लावायला गेले होते. गुरुजी पाणी प्यायला आत आले आणि सहज बोलून गेले, "वहिनी, पुण्याचं काही डोक्यात ठेवू नका. मास्तर नाही जाणार."

माझा हात पुरणातच राहिला. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तोच म्हणे. म्हणते, तिथं फ्लॅटात हिले बोलाले कोनी भेटणार नाही. इथं दारोदार मैत्रिणी आहेत. हिचा जीव घुसमटन."

घ्या! माझा जीव घुसमटेल ही काळजी माझ्या नवऱ्याला होती. किती गोड. आणि ती मला कळली कुठं, तर परक्याच्या चुलीपाशी, भटजीच्या तोंडून. माझ्या काळजीचं पुरण, पण वाढलं दुसऱ्याच्या ताटात. असा संताप आला की त्या पुरणात वेलची दोनदा पडली.

त्याच संध्याकाळी मी मैदानावर गेले. म्हटलं, बघू तरी काय आहे तिथं. चिखलात पोरं धावत होती. लांबून मला दोघं दिसले, गोलाच्या मागं सतरंजी टाकून बसलेले. आमचे हे बोलत होते! दोन्ही हात हवेत नाचवत, मान मागं टाकून हसत, गुरुजींच्या पाठीवर थाप मारत. मी तशीच कुंपणापाशी उभी राहिले. हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. मला तो हवा होता आणि तो दुसऱ्याकडे होता. इतका जळफळाट माझा कोर्टातल्या कनिष्ठ बाईला बढती मिळाली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

मी जवळ गेले आणि हे गप्प झाले. मास्तर वर्गात शिरल्यावर वर्ग होतो तसे. "काय गं, गॅस संपला का?" एवढंच.

गुरुजींनी मात्र पंचा झटकून जागा केली. "बसा, वहिनी. लोक तिकडं मांडवात बसतात. आमी जो हरून राहिला त्याच्या गोलामागं बसतो. मधातच पारडं फिरलं तं सतरंजीबी फिरवतो. जिंकणाऱ्यामागं मायंदाळ लोक असतात. हरणाऱ्याच्या पाठीशी कोनी तरी पायजे ना."

चांगलंच बोलला माणूस, मी नाही कशाला म्हणू? पण मी बसले नाही. हरणाऱ्याच्या पाठीशी बसायचं होतं, तर माझ्या व्हरांड्यात यायचं होतं.

पुढं गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बायको केव्हाच गेलेली. अकोल्याहून त्यांची लेक आली आणि त्यांना घेऊन गेली. जायच्या दिवशी ते आमच्याकडे जेवले. आमचे हे एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले आणि फार उशिरा परतले. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी मी मोगरा माळला होता. म्हटलं, आता व्हरांडा आपला.

व्हरांडा माझा झाला. दोन खुर्च्या, दोन कप, आणि हे रस्त्याकडे बघत बसलेले. मी बोलत होते, ते "हं" म्हणत होते. आठवडाभरात मला कळून चुकलं, की त्यांचं बोलणं गुरुजींनी पळवलेलं नव्हतं. ते फक्त तिथंच उगवत होतं. हे जास्त झोंबलं.

मग एके दिवशी हे एकटेच मैदानावर गेले. परतले ते फोन कानाला लावूनच. "हां, ऐक गुरुजी. डावीकडून बॉल आला. बॅक कुठं? बॅक पुढं जाऊन बसला! तू असतास तर शिव्या घातल्या असत्या." पाऊण तास मॅच चालली होती माझ्या दिवाणखान्यात. पलीकडे तो आंधळा होत चाललेला म्हातारा, आणि अलीकडे माझा मुका नवरा त्याचे डोळे झालेला. हे मग रोजचंच झालं. आधी मी माणसावर जळत होते, आता मोबाईलवर जळू लागले. पोळ्या लाटताना लाटणं जरा जोरात आपटायचे, तेवढंच.

दिवाळीनंतर आम्ही अकोल्याला भेटायला गेलो. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात, एका गल्लीत लेकीचं घर. गुरुजी बाजेवर बसले होते, पायात मोजे, बूट कोपऱ्यात. हे लेकीबरोबर औषधं आणायला गेले आणि आम्ही दोघंच राहिलो.

गुरुजी आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाले, "वहिनी, एक सांगू? रागावू नका. मले तुमचा लय राग ये."

"माझा?"

"मॅच सुटली का मास्तरची घाई सुरू. मी म्हणो, बस ना जराक, आपल्याले कोन आहे वाट पाहाले? तं म्हणे, तुले नाही, मले आहे. अन् सतरंजी झटके. रोज. घरी जाऊन मी सकाळचीच पोळी खाये. तिथं तुमच्याकडं गरम भाकर, गरम माणूस. लय जीव जळे, वहिनी."

मी ज्याच्यावर जळत होते, तो माझ्यावर जळत होता. एका माणसाला दोघांनी दोन टोकांना धरलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की मोठा वाटा दुसऱ्याकडे आहे. मी म्हटलं, "घरी येऊन एक शब्द बोलत नसत हो, गुरुजी."

गुरुजी खळखळून हसले. "तं मंग मीच जिंकलो!" आणि लगेच हात पुढं करून चाचपत माझा हात धरला. "वहिनी, रडू नका." मी रडत होते हे त्यांना न बघता कळलं. मला त्याचाही रागच आला.

फाल्गुनात ते गेले. तेराव्याला आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. येताना एस.टी.त हे खिडकीशी बसले, आणि अमरावती येईपर्यंत ना "ठीक" ना "बघू".

त्यानंतर किती तरी दिवस हे मैदानाकडे फिरकले नाहीत. मग परवा गेले. दिवेलागणीला परतले, बूट न काढताच सोफ्यावर बसले. सवयीनं मोबाईल हातात घेतला. अंगठा नावापर्यंत गेला आणि थांबला. मोबाईल टीपॉयवर पालथा ठेवला. सगळी मॅच त्यांच्या तोंडात साठलेली मला दिसत होती, आणि उतरवायला जागा नव्हती.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. म्हटलं, "कोण जिंकलं?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"नाही कळत. सांगा."

आधी नुसताच स्कोअर सांगितला. मग म्हणाले, खरं तर तसा व्हायला नको होता. का नको होता, ते विचारलं. मग उठले, टीपॉयवर चष्म्याचं घर ठेवलं, हा गोल. माझ्या गोळ्यांची डबी, हा बॅक. अडकित्ता सरकत सरकत डावीकडून आला. आवाज चढला. हात हवेत गेले. हा सगळा ऐवज माझ्यासाठी नव्हता, हे मला लख्ख कळत होतं. माझ्या जागी ते दुसऱ्याच कुणाला तरी बघत होते, आणि तो माणूस मेल्यावरही माझ्या सोफ्यावर बसला होता. जळले मी. अजून जळते. पण हलले नाही.

"आणि शेवटच्या मिनिटाला," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली, "अबे, पेनल्टी होती ती! सरळ सरळ पेनल्टी! आंधळा होता का बे तो रेफरी?"

मला. दोन नातवंडांच्या आजीला. अबे!

आत भाजी करपल्याचा वास सुटला होता. मी म्हटलं, "मग? पुढं काय झालं?"