मुकी गाईड

अगुंदाचा आवाज खणखणीत. मिनीबसच्या शेवटच्या बाकावर पेंगणारा मॉस्कोचा पाहुणाही ती बोलू लागली की डोळे चोळत उठे. दरीतले बुरूज, धबधबे, कुठल्या घराण्याचं कोणाशी वैर, सगळं तिच्या जिभेवर. घरी मात्र ही बाई मुकी. आमच्या ओसेतियात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. त्याने काही भेट देऊन तिचं तोंड मोकळं करायचं असतं. बहुतेक सासरे लवकरच विरघळतात. झांबोलत विरघळला नाही.

त्याचा मुलगा, अगुंदाचा नवरा खेताग, बर्फाचा कडा अंगावर कोसळून गेला. वर अडकलेली मेंढरं आणायला म्हाताऱ्यानेच पाठवलं होतं त्याला. मग घरात ही दोघंच उरली. ती ताट ठेवायची, तो खाली मान घालून जेवायचा. बायका म्हणायच्या, दगड आहे मेला. मीही म्हणायचे.

एकदा म्हाताऱ्याला डोळे दाखवायला शहरात जायचं होतं आणि गावची गाडी बंद पडलेली. तो अगुंदाच्याच मिनीबसमध्ये पुढच्या बाकावर येऊन बसला. मागे पाहुणे भरलेले. अगुंदाने माईक उचलला, सासऱ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. आणखी एक तक्रार आली तर नारळ, असं मालकाने तिला बजावलं होतं.

"गाईडबाई, तो बुरूज कसला?" मागून एका बाईने विचारलं. अगुंदा गप्प.

ड्रायव्हर तैमुराझ मदतीला धावला. "तो होय? एका सरदाराने सासूला कोंडायला बांधला."

"आणि शेजारचा?"

"दुसऱ्या सासूला!"

"याचे पैसे भरलेत का आम्ही? तक्रारच करते, थांबा."

बुरूज झांबोलतच्या घराण्याचा. त्याचे कान लाल झाले. मग मनगटावरचं घड्याळ सोडून त्याने तैमुराझपुढे धरलं.

"सूनबाईला दे हे. म्हणावं, बोल."

तैमुराझने करकचून ब्रेक दाबला. ही भेट कसली, ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याने घड्याळ दोन्ही हातांनी अगुंदाला दिलं. तिने ते मुठीत धरलं, पण माईक उचलला नाही.

"बाबा, वारा झोंबतोय तुम्हाला," ती आमच्या भाषेत म्हणाली. "काच लावू?"

म्हातारा समोर रस्त्याकडेच बघत राहिला.

"एवढंच?" त्याने विचारलं. "मला वाटलं, तोंड उघडशील ते खेतागचं विचारायला. का पाठवलंत त्याला, म्हणून. त्या भीतीनेच बोलू दिलं नाही गं तुला, पोरी."

अगुंदाने काच लावली. मग त्याच्या शेजारी बसली.

"मी तरी कुठं अडवलं त्याला, बाबा?"

मागे पाहुणे कुरकुरत होते. कुरकुरू देत.