मंडळीचे पितर

माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती मी त्यांना खोटी आणून दिली.

ते चिपळूणचे, जुन्या ख्रिस्ती घरातले, निवृत्त कंपाउंडर. मी रत्नागिरीचा, बौद्ध घरातला, शाळेत इतिहासाचा मास्तर. लग्नाला त्यांनी आडकाठी केली नाही, पण आमचं बोलणं चहा, पाऊस आणि एसटी एवढ्यावरच आटपायचं. मग काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली. एका शनिवारी म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासवाले. प्रेषितांच्या मागून जे मंडळीचे पितर झाले, त्यांनी काय लिहिलं ते मला कधी वाचायला मिळालं नाही. मराठीत काही आहे का बघा. वाचून दाखवा, कान शाबूत आहेत तोवर."

"आठ दिवसांत आणतो, मामा!" मी छाती काढून म्हटलं. हे पितर म्हणजे कोण, मला काडीचंही ठाऊक नव्हतं. पण जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस 'माहीत नाही' म्हणेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी वाचनालय गाठलं. ग्रंथपालबाईंना ऐटीत विचारलं, "मंडळीचे पितर, यावर काही आहे?" ख्रिश्चन लोक चर्चला मंडळी म्हणतात, एवढं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आपल्याकडे मंडळी म्हणजे बायको. बाईंनी चष्म्यावरून कळवळून पाहिलं. "मिसेसच्या माहेरचे का? त्यांचं करायला कोणी नाही वाटतं?" आणि आत जाऊन श्राद्धविधीचं पुस्तक घेऊन आल्या. "भाद्रपदात हाती लागत नाही हो हे. आत्ता आलात ते बरं केलंत."

आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात श्राद्ध नाही. आणि त्यांचा हा शिकलासवरलेला नातू नाव नोंदवून, ते पुस्तक काखोटीला मारून बाहेर पडला, कारण घोटाळा झालाय म्हणायला जीभ रेटेना. घरी बायकोनं ते पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "अहो, माझे बाबा जिवंत आहेत अजून!"

मग मोबाईल धरला. तिथे घबाडच सापडलं. पितरांचं लेखन, खंडच्या खंड, फुकट. फक्त इंग्रजीत, आणि ते इंग्रजी राणीच्या काळातलं. पान उलटलं तरी वाक्य संपेना. समजावून सांगणारी टिपणं उघडली, तर ती मुळाहून अवघड. मोबाईललाच भाषांतर करायला लावलं, तर त्यानं बिशपचा बुद्धिबळातला उंट केला.

शेवटी म्हटलं, हात्तिच्या, मीच लिहितो. इजिप्तच्या वाळवंटातल्या एका संन्याशाचा मजकूर निवडला. कळलं ते उतरवलं, नाही कळलं तिथे पदरचं घातलं. स्नेहसंमेलनात भाषणं ठोकायची सवय, हात थांबतोय कुठला!

शनिवारी चिपळूणला जाऊन खड्या आवाजात वाचलं. संन्यासी कातळावर बसून माडाच्या झावळ्यांचे झाप विणतोय आणि शिष्याला सांगतोय, "हात चालू ठेव, मन आपोआप गुडघे टेकेल."

मामांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं. "बाटल्यांना लेबलं चिकटवण्यात जन्म गेला माझा," ते म्हणाले. "वाटायचं, देवासाठी काही केलं नाही आपण. आणि हा शेकडो वर्षांपूर्वीचा माणूस... उद्या उपासनेत उभा राहून सांगतो मी हे सगळ्यांना."

ते वाक्य माझं होतं. दहावीच्या निरोपसमारंभात मारलेलं, जरा फिरवून घेतलेलं. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? पण हा म्हातारा उद्या चर्चमध्ये उभा राहून माझी थाप संताच्या नावानं सांगणार होता.

"मामा, ते त्यांचं नाही. मी घातलंय."

त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. मग म्हणाले, "आणि माड?"

"इंग्रजीत पाम होतं..."

"मिसरात खजूर असतो, सर." आवाज चढला नव्हता. "ज्याला दिसत नाही त्याला वाचून दाखवताना असं करू नये."

शरमेनं मान वर होईना. आयुष्यात पोरांना कितीदा कान धरून उभं केलं, तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं.

"यात त्यांचं स्वतःचं किती आहे?" त्यांनी विचारलं.

मी कागद चाळले. "चार ओळी."

"तेवढ्या वाचा."

वाचल्या. माणूस बसतो, विणतो. उठतो, प्रार्थना करतो. पुन्हा बसतो, विणतो. बाकी काही नाही.

मामांनी डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते. माझ्याकडे चेहरा वळवून म्हणाले, "एवढं पुरे होतं की, सर. मध्ये तुम्ही कशाला बोललात?"