मागच्या कुरणातला काळा वळू

आमच्या ताकुआरेम्बो जिल्ह्यात माणसाची पत त्याच्या गुरांच्या रंगावरून ठरते. तांबडं अंग आणि पांढरं तोंड, म्हणजे हेरफर्ड जात. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण गाडी हळू करून कुंपणापलीकडे बघतो. कळपात एखादा वेगळा ठिपका दिसला, की संध्याकाळी क्लबातल्या पत्त्यांच्या टेबलावर त्याचीच चर्चा. माझे दाजी एल्बियो तेचेरा या रस्त्यासाठीच गुरं पाळतात, असं मला कायम वाटत आलंय.

तसा माणूस सोन्यासारखा. माझी ताई निल्डा म्हणाली, कालवडी अंगानं चांगल्या भरल्याशिवाय वळूकडे सोडायच्या नाहीत. दाजी म्हणाले, बरं. ती म्हणाली, व्यालेल्या गाई लवकर पुन्हा माजावर याव्यात म्हणून वासरांच्या नाकात फळ्या अडकवू, म्हणजे थोडे दिवस दूध पिणार नाहीत. दाजींनी फळ्या अडकवल्या. वासरं आईच्या कासेला नाकं घासून हंबरायला लागली तेव्हा मात्र हा आडदांड माणूस कुंपणावर बसून डोळे पुसत होता.

वळूच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी शिकवायचं नाही. लिलावातला सगळ्यात अवजड हेरफर्ड तेच उचलणार, त्याच्या ढुंगणावर थाप मारणार आणि फोटो काढून घेणार. अवजड बापाची वासरंही अवजड. जुन्या गाई निभावून नेतात, पहिलारू कालवडी अडतात. आणि मग कामाला लागते ताई, कारण घरात सगळ्यात बारीक हात तिचा. कोपराच्या वर साबण चोळून ती आत हात घालते, वासराचे पाय चाचपते, दोर बांधते आणि दाजी ओढतात. पंचक्रोशीत कुणाचीही कालवड अडली तरी बोलावणं ताईलाच येतं.

गेल्या वसंतात तिनं बाटलीनं वाढवलेली एक कालवड वासरासकट तिच्या हातात गेली. ताईनं हात धुतले आणि म्हणाली, “पुढला वळू मी निवडणार. नाहीतर दोरही तुम्हीच ओढा आणि हातही तुम्हीच घाला. मी शहरात मावशीकडे राहायला जाते.”

ती थट्टा करत नव्हती. दाजींना ते कळलं असावं, कारण लिलावाला ते तिला घेऊनच निघाले.

ट्रक माझा, त्यामुळे लिलावाला मीही होतो. सगळे पुरुष वळूंच्या मागं उभे राहून मांड्या निरखत होते. ताई एकटी पुढून बघत होती.

“ताई, वळू मागून बघतात गं,” मी म्हणालो.

“वासरू डोक्याकडून बाहेर येतं, एदिसन.”

तिनं निवडला तो अँगस जातीचा. बारीक डोकं, आटोपशीर खांदे, आणि रंग काळाकुट्ट. विकणारा सांगत होता, याची वासरं जन्मताना हलकी असतात आणि मग झपाट्यानं वाढतात. दाजींनी ते ऐकलंच नाही.

“काळा? अगं, लोक काय म्हणतील?”

“तुम्हाला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?”

तेवढ्यात सगळ्यात अवजड हेरफर्ड आमचा शेजारी आपारिसिओ सिल्व्हेरा यानं पटकावला आणि लांबूनच दाजींना हॅट हलवून दाखवली. दाजींचा चेहरा बघवत नव्हता.

काळ्याला आम्ही भरदुपारी आणला, सगळी पंचक्रोशी वामकुक्षीत असताना. निलगिरीच्या रांगेआडचं मागचं कुरण त्याला आणि कालवडींना दिलं.

“दाजी, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.”

“तू गप रे! हेरफर्डचं पांढरं तोंड कुणाच्या बापाला हटत नाही. तोंड वासरात उतरतं, तर रंगही उतरणारच. वासरं तांबडी होतात की नाही बघ.”

यंदाच्या वसंतात पहिली कालवड व्यायला लागली. ताई दोर आणि साबणाची बादली घेऊन पोचली, तोवर वासरू उभं राहून लुचत होतं. तोंड पांढरंशुभ्र, बाकी सगळा कोळसा.

“काळंच झालं गं,” दाजी हळहळले.

“जिवंत झालंय,” ताई म्हणाली.

कालवडी एकामागून एक आपल्याआपण व्यायल्या. दाजी मनातून सुखावले होते, पण एखादं वासरू रस्त्याच्या दिशेनं निघालं, की हा माणूस हातातला माते नावाच्या कडू चहाचा तुंबा टाकून त्याच्यामागं धावायचा. तरी एक आपारिसिओच्या नजरेला पडलंच.

“काय एल्बियो,” क्लबात त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “तुझी वासरं हल्ली कोळशाच्या गोदामात झोपतात म्हणे?”

“शेजाऱ्याचं घुसलं असेल एखादं.”

“शेजारी मीच आहे रे!”

सगळा क्लब खिदळला. दाजी पत्ते टाकून घरी आले आणि त्यांनी मागच्या कुरणाच्या फाटकाला आणखी एक दोर बांधला. मला त्यांचा राग आला. जगलेल्या वासरांची लाज वाटावी, म्हणजे काय?

त्याच आठवड्यात आपारिसिओ घामाघूम होऊन आमच्या दारात उभा राहिला. “वहिनी, चला हो. कालवड अडलीय.”

आम्ही तिघंही गेलो. ताई चिखलात आडवी होऊन बराच वेळ झटली. तिचे ओठ पांढरे पडले होते. दाजी दोर धरून तिच्याकडे बघत होते, आणि या वेळी बघण्याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. कालवड वाचली. वासरू भलंमोठं होतं, मेलेलं.

आपारिसिओला रडू येत होतं, पण रडेल तर तो आपारिसिओ कसला. तो म्हणाला, “रंग मात्र अस्सल होता हो.”

ताईचा हात सुजून टम्म झाला होता. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “तुम्ही सगळे गुरं रस्त्यावरून बघता, आपारिसिओ. मी आतून बघते. आत रंग नसतो.”

रविवारी घोड्यांच्या शर्यती होत्या. आमच्या रस्त्यानं सगळा जिल्हा जाणार होता. दाजींनी सकाळीच धुतलेला सदरा घातला, मागच्या कुरणाचं फाटक उघडलं आणि कालवडी, काळी वासरं, तो काळा वळू, सगळा लवाजमा रस्त्याकडच्या कुरणात आणून सोडला. स्वतः कुंपणापाशी उभे राहिले. गाड्या हळू होत होत्या, हॉर्न वाजत होते, कुणी शीळ घालत होतं.

आपारिसिओनं गाडी थांबवली. उतरून एकेक वासरू मोजलं.

“वळू कुणी निवडला रे?”

“निल्डानं,” दाजी म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढं म्हणाले, “माझं चाललं असतं, तर तू घेतलास तोच हेरफर्ड मी घेतला असता.”