खोक्यांमागचं पाणी

तीन रमजान मी कंप्रेसरच्या खोक्यांमागे उभी राहून पाणी प्यायले. चोरून. ऑफिसच्या गोदामात, डब्याच्या पिशवीत बाटली लपवून नेऊन. बाईची पाळी आली की रोजा नसतो, हे पुरुषांनाही ठाऊक असतं. पण त्यांच्यासमोर घोट घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. रोजा नसला तरी सुकलेल्या ओठांनी फिरायचं आणि इफ्तारला सगळ्यांबरोबर खजूर उचलायचा.

हे नाटक मी इतकं झकास केलं की आमचे मालकच फसले. मालक मूळचे रायगडचे, कुवेतमध्ये त्यांचा एसी बसवण्या-दुरुस्तीचा धंदा. सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणतात. ईदच्या सकाळी ते सगळ्या स्टाफला सलवा भागातल्या आपल्या घरी शीरखुर्म्याला बोलावतात आणि एकेका फिटरला विचारतात, "किती झाले?" कोणी पंचवीस म्हणाला की बोट माझ्याकडे. "त्या पोरीकडे बघा जरा! एक चुकवत नाही." मी वाटीत तोंड घालून गप्प. खरं तर माझे जेमतेम पंधरा झालेले असायचे.

कारण रक्त थांबतच नव्हतं. पंधरा-पंधरा दिवस. नवरा रत्नागिरीला, आजारी सासूबाईंपाशी. मी इथे कुवेतमध्ये, फिंतासला नणंदेच्या घरी राहते. शेवटी नणंदच म्हणाली, "भाभी, आरशात बघितलंस का? पिठासारखी पांढरी झालीस. चल डॉक्टरकडे." हिमोग्लोबिन सात निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयात औषधाची कॉइल बसवू, रक्त थांबेल. नाही बसवली तर एक दिवस पिशवीच काढावी लागेल. लग्नाला सात वर्षं झालीत, मूल नाही. पिशवी काढायची म्हणजे सगळंच संपलं! कॉइल काय, अंगात रक्त भरलं की काढता येते. मूल नको म्हणून बायका जी वस्तू बसवतात, ती मला मूल हवं म्हणून पाहिजे होती.

ऑफिसचे विम्याचे कागद मीच पाठवते. फिटर लोकांचा हर्निया, मूळव्याध, मुतखडे, सगळं माझ्या हातून गेलेलं. आणि स्वतःच्या फॉर्मवर उपचारापुढे कॉइल लिहिलं, पण आजारापुढे मी काय लिहिलं? 'पोटाचा त्रास.' लाज, दुसरं काय! विमा कंपनीचं उत्तर आलं: कॉइल कुटुंबनियोजनात मोडते आणि ते तुमच्या मालकांच्या पत्रानुसार वगळलेलं आहे. सोबत पत्राची प्रत. ते पत्र मीच टाईप केलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी हाजीसाहेब म्हणाले होते, "मूल थांबवायच्या कामाला माझा पैसा नको. वर अल्लाला काय तोंड दाखवू?" आणि मी चहाचे घुटके घेत टाईप करून मोकळी झाले होते. तेव्हा माझं काय जात होतं!

पदरचे घालून करावं तर तेवढी ऐपत नव्हती, आणि सरकारी इस्पितळाची तारीख लांबची. गेले केबिनमध्ये. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. कुणाची मय्यत गावी पाठवायची असो, पहिले धावतात ते हाजीसाहेबच. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"पोटाच्या त्रासाला हे कशाला?" मग आवाज खाली आणून, "नवरा तर गावाला आहे ना तुझा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार उघडं होतं, बाहेर चार फिटर चहा पीत बसले होते. म्हटलं, राहू दे उघडं.

"हाजीसाहेब, मला रक्त जातं. पंधरा-पंधरा दिवस."

"तोबा, तोबा! हे काय बोलतेस—"

"आता ऐकाच. ईदला मला शाबासकी देता ना, एक रोजा चुकवत नाही म्हणून? निम्मे चुकतात. तीन वर्षं निम्मे चुकले. तुमच्याच गोदामात, खोक्यांमागे पाणी पीत होते मी. नंतर भरून काढायला गेले तर चक्कर येऊन पडले. मला रोजे धरायचेत, नमाज पढायचीय, मूल हवंय. डॉक्टर म्हणते या वस्तूने सगळं जमेल. तुमचं पत्र म्हणतं नाही. मग अल्लाला तोंड कोण दाखवणार, मी की तुम्ही?"

बाहेर कपांचा आवाज थांबला होता. हाजीसाहेब भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, "जा. बघतो."

जागेवर येऊन बसले तेव्हा भान आलं. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांच्याच हातात. मनात म्हटलं, बाई, भर आता बॅग!

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. मशिदीत जाणत्यांना विचारून आले होते. "टाईप कर," म्हणाले. "उपचारासाठी असेल तर हरकत नाही. मात्र नवऱ्याचं संमतीपत्र आणि मालकाची परवानगी—"

मी कीबोर्डवरून हात उचलले. "हे मी टाईप करणार नाही."

"आता काय झालं?"

"उद्या इथे दुसरी मुलगी येईल. ती तुमच्यासमोर एवढं बोलेल? मी बोलले, कारण माझं डोकं लवकर तापतं."

ते दाढी खाजवत म्हणाले, "ते दिसलंच. बरं, तूच लिही."

मी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: डॉक्टर लिहून देतील तो उपचार मिळावा, त्याचं कारण मालकाला कळवण्याची गरज नाही. त्यांनी सही केली आणि शिक्का माझ्याकडे सरकवला. तो मी असा हाणला की टेबल हललं. अरे, काय गोड आवाज होता तो!

कॉइल बसली. काही महिन्यांत रक्त कमी होत होत थांबलं. चेहऱ्यावर रंग आला, जिने चढताना धाप लागेनाशी झाली. नवऱ्याला फोनवर म्हटलं, पुढच्या वर्षी ही काढून टाकणार आहे, तयारीला लाग. तो लाजला!

यंदाच्या ईदला सलवाला गेलो. तोच दिवाणखाना, तोच शीरखुर्मा. "किती झाले?" फिटर लोकांची उत्तरं झाली. हाजीसाहेबांनी या खेपेला माझ्याकडे बोट दाखवलं नाही. जरा घुटमळले आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "आणि तुझे?"

सगळ्यांच्या माना वाट्यांत. माझी वर.

"एकोणतीस. चंद्रच एक दिवस आधी दिसला, त्याला मी काय करू! एकोणतीसच्या एकोणतीस, हाजीसाहेब. आणि यंदा खरे."