पट्टी काळी पाच

मुलुंडच्या कुंदा सामंत टेम्पोतून जुना जपानी सिंथेसायझर घेऊन आल्या, तेव्हा देवदत्त घाडी एका अॅम्प्लिफायरचं पोट उघडून बसले होते. घाटकोपरच्या भटवाडीत तीस वर्षं त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना सूर कळत नाही. हे त्यांनी कधी लपवलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. कान नाही तर मीटर आहे, यावर त्यांचं भागत आलं होतं.

कुंदाताई सहासष्ट वर्षांच्या. त्यांचे यजमान बाळ सामंत ऑर्केस्ट्रात हा सिंथेसायझर वाजवत आणि त्या गात. येत्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनाला दोघं अकरा वर्षांनी स्टेजवर बसणार होते.

"कधी वाजतो, कधी नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता वाजलेली पट्टी पुढच्या मिनिटाला मुकी. आणि हे बघा, आमची पट्टी काळी पाच. ती हलवू नका हं."

घाडींच्या धंद्यात पट्टी म्हणजे बोटाने दाबायची पट्टी. त्यांनी डावीकडून काळ्या पट्ट्या मोजल्या, पाचवीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि ती एक सोडून बाकी साठही पट्ट्या खोलून स्वच्छ केल्या. दोष जागच्या जागी. दोन दिवस ते मुकी पट्टी शोधत राहिले, आणि सापडली की ती बोलायला लागायची.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको प्रेमा चहा घेऊन आली. कप रिकामा व्हायची वाट बघत ती एकच पट्टी दाबत बसली.

"अहो, ह्या दर सहाव्या खेपेक गप रवता," ती म्हणाली.

"कुठली पट्टी?"

"खयची पण. मोजून बघा."

घाडींनी मोजलं. खरंच. आत सूर काढणारी एकसारखी सहा कार्डं होती आणि पट्ट्या दाबल्या जातील तशी ती पाळीपाळीने वाजत होती. त्यातलं एक मेलं होतं. घाडींनी त्यातली चिप बदलली आणि सगळे सूर बोलू लागले.

एवढ्यावर मशीन परत द्यायला हवं होतं. पण घाडींनी सवयीप्रमाणे मोबाइलवरचा ट्यूनर लावला. पहिली पांढरी दाबली तर पडद्यावर 'सी' यायला हवा, तिथे 'ए शार्प' आला. अख्खं वाद्य दोन घरं, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्या, उतरलेलं. जुनं मशीन, पार्ट थकले असतील, असं त्यांनी ठरवलं. सूर चढवायच्या-उतरवायच्या आतल्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब वाळून घट्ट बसला होता. स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून मेकॅनिक असा थेंब लावतात. म्हणजे तो कुणीतरी मुद्दाम तिथे बसवलेला होता. घाडींनी थेंबाला नख लावून पाहिलं. मग त्यांनी मीटरवर विश्वास ठेवला, ब्लेडने थेंब खरवडला आणि स्क्रू फिरवून 'सी' आणला.

मशीन गुरुवारी मुलुंडला पोचलं. शुक्रवारी सकाळी फोन आला.

"घाडी, मशीन झकास आहे हो. माझाच आवाज गेला."

"म्हणजे?"

"वरचे सूर लागत नाहीत. रोज घरात गुणगुणते तेव्हा कळलं नाही, साथीवर गायला बसले आणि आवाज फाटला. अकरा वर्षांत गळा गेला, दुसरं काय? संध्याकाळी संघाच्या श्वेताला सांगते, माझं नाव काढ म्हणून."

घाडींना काही कळेना. मशीन बरोबर, मीटर बरोबर, मग बाईंचा आवाज मशीन दुरुस्त झालं त्याच दिवशी कसा जातो? दुपारी दुकान प्रेमावर सोपवून ते मुलुंडला गेले.

बाळ सामंत वाजवायला बसले. कुंदाताई गाऊ लागल्या, अंतऱ्याला आवाज चिरकला आणि त्या थांबल्या. "बघितलंत?" सामंत मान वर करत नव्हते. घाडी ऐकून काही ठरवू शकत नव्हते, म्हणून ते बघत होते. पाचव्या काळ्या पट्टीवरची चिकटपट्टी तशीच होती. साधी सुरकुतीही नाही.

"ताई, तुमची ही पट्टी तर साहेब वाजवतच नाहीत."

कुंदाताईंना एवढ्या त्रासातही हसू फुटलं. "अहो घाडी, ती पट्टी नव्हे! गाण्याची पट्टी. आम्ही काळी पाचात गातो."

"मग सगळी बोटं पांढऱ्यांवरच कशी फिरतात?"

"कुंदा," सामंत घाईने म्हणाले, "चहा टाक ना जरा."

त्या आत गेल्यावर सामंत खाली वाकले. "हळू बोला हो. मला पांढरी एकमधूनच वाजवता येतं. पेटी शिकलो तीही स्केल चेंजरची, अख्खा पट्ट्यांचा संच सरकवून सूर बदलणारी. ह्याचं मागचं बटण अर्धं घरसुद्धा उतरत नाही, म्हणून चौऱ्याऐंशी साली आतून उतरवून घेतलं. दाबायची पांढरी एक, वाजते काळी पाच."

"आणि ताईंना?"

"तिला वाटतं, मी सगळ्या पट्ट्यांत वाजवतो."

"काल मशीन चढलेलं तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या सुरालाच."

"आणि त्या कालपासून गळा गेला म्हणून बसल्यात!"

"तेवढं फिरवा ना, यार," सामंत म्हणाले.

घाडींनी झाकण उघडलं. चांगलं केलेलं काम आपल्याच हाताने बिघडवतोय, असं त्यांना वाटत होतं. पडद्यावर चुकीचं अक्षर येईपर्यंत त्यांनी स्क्रू उलटा फिरवला.

कुंदाताई चहा घेऊन आल्या तेव्हा सामंत तेच गाणं वाजवत होते, त्या उभ्याउभ्याच गायल्या. अंतरा आला आणि गेला. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"काय झालं होतं हो?"

सामंत घाडींकडे बघत होते.

"माझं चुकलं," घाडी म्हणाले. "एक स्क्रू जास्त फिरवला होता."

"म्हणजे मशीन बिघडवलंत तुम्ही आणि रडले मी? कमाल आहे तुमची!"

"त्यांना सूर कळत नाही गं," सामंत म्हणाले. ते खरंच होतं.

कुंदाताईंनी फोन लावला. "श्वेता, अगं, नाव राहू दे हं माझं. नाही गं, आवाज आहे. मेकॅनिकने घोळ घातला होता."

घाडींनी पेन काढून झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं : मुद्दाम दोन घरं खाली. हलवू नये.

"काय लिहिताय?" कुंदाताईंनी विचारलं. सामंतांचा हात कपाच्या कानावरच थांबला.

"तारीख," म्हणत घाडींनी झाकण लावलं.